एकाच हापशीच्या पाण्याचं काठिण्य चार बॅचमध्ये चार प्रकारचं, चूक कुठे होतेय? (खारपाणपट्टा, बीएस्सी प्रॅक्टिकल)

पूर्णाकाठची_लॅब:

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातलं कॉलेज आहे, बीएस्सी दुसऱ्या वर्षाचं पाणी तपासणीचं प्रॅक्टिकल सुरू आहे. जवळच्या एका गावातून तीन नमुने आणले: (अ) मंदिराजवळची हापशी, (ब) नळयोजनेचं पाणी, (क) गावाबाहेरची उघडी विहीर. 'ब' सुरळीत गेला. गाडी अडली ती 'अ'वर.

काठिण्य (पाण्याचा जडपणा): ५० मिली नमुना, २ मिली अमोनिया बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), ईबीटीचे (रंग बदलून शेवट दाखवणारा सूचक) ३-४ थेंब, ब्युरेटमध्ये ०.०१ एम ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधणारं रसायन). चार बॅचची रीडिंग २७.५, २९.८, ३३.१ आणि ३६.४ मिली. म्हणजे काठिण्य ५५० पासून ७२८ मिग्रॅ/लिटरपर्यंत कुठेही! लाल रंग जांभळ्यापर्यंत येतो आणि तिथेच घुटमळतो. निळा झाला असं वाटून नळ बंद केला, तर अर्ध्या मिनिटात पुन्हा लालसर. कोणी पहिल्या निळ्याला थांबलं, कोणी पाच वेळा थेंब टाकत बसलं.

क्लोराइड (मोहर पद्धत): ५० मिली नमुना, ०.०२ एन सिल्व्हर नायट्रेट. ५० मिलीची अख्खी ब्युरेट रिकामी झाली तरी शेवट दाखवणारा विटकरी रंग नाही. फ्लास्कमध्ये दह्यासारखा पांढरा साका तेवढा जमतो.

सामग्री अशी: ईडीटीए ३.७२ ग्रॅम तोलून लिटरभर केलं, त्यालाच ०.०१ एम धरलं. बफर उन्हाळ्याआधी बनवलेलं. ईबीटी अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं, सत्राच्या सुरुवातीचं. लाइट नसली की डिस्टिलेशन बंद पडतं, तेव्हा गावातल्या आरओच्या कॅनचं पाणी वापरतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ग्रामपंचायतीने निकाल मागितला आहे: "पाणी पिण्यायोग्य आहे की नाही ते लिहून द्या." काय लिहावं?

मोजमाप_वऱ्हाड:

मॅडम/सर, सगळी माहिती दिलीत म्हणून उत्तर देता येतं. तुमच्याकडे एक नाही, चार चुका एकत्र आल्या आहेत. त्यातल्या तीन तुमच्या बाटल्यांत आहेत आणि एक पाण्याच्या स्वभावात.

आधी पाण्याचं. रंग परत लाल होतो याचं मुख्य कारण असं की बफर टाकल्यावर पीएच १० होतो आणि भरपूर कॅल्शियम व भरपूर बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात त्या पीएचला कॅल्शियम कार्बोनेटचा बारीक साका पडायला लागतो. तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. मोकळं कॅल्शियम ईडीटीएने बांधलं की पाणी निळं दिसतं, मग साका हळूहळू विरघळतो, नवं कॅल्शियम बाहेर येतं आणि ईबीटी पुन्हा लाल. पोरं थेंब टाकत बसतात ती चूक नाही, पण प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी थांबतो आणि तिथे आकडे फाटतात.

उपाय: नमुना कमी घ्या. २० मिली नमुना पिपेटने घेऊन त्यात ३० मिली डिस्टिल्ड वॉटर टाका. ईडीटीए १५ मिलीच्या आत संपलं पाहिजे, हा सोपा अंदाज ठेवा. बफर अगदी शेवटी, ब्युरेट शून्यावर आणून तयार असताना टाका, आणि बफर पडल्यापासून ५ मिनिटांच्या आत टायट्रेशन संपवा. सगळ्या फ्लास्कांत आधीच बफर टाकून रांगेत मांडून ठेवायची सवय असते, ती मोडा. तरीही रंग परतत असेल तर नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पीएच ३-४ वर आणा, दोन मिनिटं उकळा, गार करा, अमोनियाने उदासीन करा आणि मग बफर टाका. उकळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, साका पडायला कार्बोनेटच उरत नाही.

आता बफर. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश तापमानात खोलीतल्या बाटलीचं बूच नीट बसलेलं नसेल तर अमोनिया उडून जातो. पीएच ९ च्या आसपास उतरला की ईबीटीचा लाल-निळा फरक पुसट होतो. तुमचा जांभळा रंग मला तिथलाच वाटतो. ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ मिली बफर टाकून पीएच मीटर लावा. १०.० ते १०.१ दाखवलं पाहिजे, नसेल तर बाटली रिकामी करा.

नवं बफर असं करा: १६.९ ग्रॅम अमोनियम क्लोराइड १४३ मिली तीव्र अमोनियात विरघळवा. वेगळ्या ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.१७९ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए आणि ०.७८० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) विरघळवून त्यात मिसळा, एकूण २५० मिली करा. हे मॅग्नेशियम कशाला? ईबीटीचा निळा रंग लखलखीत फुटतो तो मॅग्नेशियममुळे. निव्वळ कॅल्शियम असेल तर एंड पॉइंट (जिथे थांबायचं तो रंगबदल) मळकट येतो. मॅग्नेशियमच्या जोडीला तितकंच ईडीटीए असल्यामुळे निकालात भर पडत नाही. प्लास्टिकच्या किंवा जाड काचेच्या घट्ट बाटलीत ठेवा, महिनाभरच वापरा. तीव्र अमोनियाची बाटली उन्हाळ्यात आधी थंड पाण्यात ठेवून मगच, चेहरा बाजूला करून उघडा. आत दाब साचलेला असतो.

ईबीटी अल्कोहोलमध्ये टिकत नाही, हवेने खराब होतो. ०.५ ग्रॅम ईबीटी आणि १०० ग्रॅम कोरडं मीठ (शुद्ध सोडियम क्लोराइड, किराणा दुकानातलं नव्हे) खलात एकजीव घोटा. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी भुकटी एका फ्लास्कला पुरते. जास्त टाकली की रंग गडद होतो आणि बदल पकडता येत नाही.

राहिलं ईडीटीए. ३.७२ ग्रॅम तोललं म्हणून ०.०१ एम झालं असं होत नाही. पावडरीत ओल किती, तराजू किती खरा, काही सांगता येत नाही. १.००० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट (१०५ अंशांवर सुकवलेलं) थोड्या पाण्यात घेऊन अर्ध्या तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने टाकून विरघळवा, २०० मिली डिस्टिल्ड वॉटर घालून काही मिनिटं उकळा, गार करून मिथिल रेडवर नारिंगी छटेला आणा, लिटर पुरा करा. याच्या १ मिलीत १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट असतं. १० मिली स्टँडर्ड + ४० मिली डिस्टिल्ड वॉटर घेतलं तर तुमचं ईडीटीए बरोबर १०.० मिली लागायला हवं. जेवढं लागेल त्याने १० ला भागा, तो तुमचा फॅक्टर.

काठिण्य = (रीडिंग − ब्लँक) × फॅक्टर × १००० ÷ नमुन्याचे मिली.

आणि ब्लँक (नमुन्याऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन येणारं रीडिंग) म्हणजे केवळ वहीतली ओळ नाही. ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये बफर आणि ईबीटी टाकल्याबरोबर थेट निळा रंग आला पाहिजे. लाल आला तर त्या पाण्यातच काठिण्य आहे. आरओच्या कॅनचं पाणी हे डिस्टिल्ड वॉटर नव्हे; आरओ काही क्षार सोडतो, आणि काही ठिकाणी चवीसाठी मूळ पाणी मिसळलेलं असतं. त्याने ईडीटीए बनवलं असेल तर ते द्रावण आधीच थोडं खर्ची पडलेलं असतं.

चांदी_जपा:

क्लोराइडचं मी सांगतो.

५० मिली नमुन्याला ०.०२ एनचे ५० मिली संपले, म्हणजे क्लोराइड ७०९ मिग्रॅ/लिटरच्या वर आहे एवढं तरी सिद्ध झालं. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात (अमरावती, अकोला, बुलडाणा) हे नवल नाही. नमुना १० मिली घ्या, डिस्टिल्ड वॉटरने १०० मिली करा. ५ टक्के पोटॅशियम क्रोमेट १ मिली. दह्यासारख्या साक्यात रंग दिसत नाही हाही तुमचा त्रास असेल, तो पातळ केल्यावर आपोआप कमी होतो.

पीएच ७ ते १० मध्ये हवा. आम्लधर्मी असेल तर क्रोमेटचं डायक्रोमेट होतं आणि सिल्व्हर क्रोमेट उशिरा दिसतं. पीएच फार चढला तर चांदी हायड्रॉक्साइड होऊन खाली बसते. दोन्हीकडे रीडिंग खोटं वाढतं. एंड पॉइंट म्हणजे गडद विटकरी रंग नव्हे. पिवळ्यावर पहिली टिकणारी गुलाबी-नारिंगी झाक आली की थांबा. फ्लास्कखाली पांढरी फरशी ठेवा आणि शेजारी नुसतं पिवळं ब्लँक ठेवा, म्हणजे डोळ्याला तुलना मिळते. ब्लँक साधारण ०.२ ते ०.३ मिली येतो, तो वजा करा.

सिल्व्हर नायट्रेटही मिठाने तपासा: १४० अंशांवर सुकवलेलं शुद्ध सोडियम क्लोराइड १.१६९ ग्रॅम लिटरमध्ये, म्हणजे ०.०२ एन. त्याचे १० मिली घ्या. द्रावण तपकिरी बाटलीत, कपाटात. खिडकीतल्या बाटलीत तळाला काळं बसलेलं दिसलं की तिचा भरवसा संपला.

क्लोराइड (मिग्रॅ/लिटर) = (रीडिंग − ब्लँक) × नॉर्मॅलिटी × ३५,४५० ÷ नमुन्याचे मिली.

एक गोष्ट हमखास चुकते. जिवाणू तपासणीच्या बाटलीत थायोसल्फेट असतं. त्याच बाटलीतलं पाणी क्लोराइडला वापरलं तर थायोसल्फेट चांदी खातं आणि निकाल बिघडतो. रासायनिक नमुना वेगळ्या, साध्या प्लास्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या. विहिरीच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर १०० मिलीला १ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून मिनिटभर ढवळा, मग टायट्रेशन.

आणि कृपा करून हे सगळं बेसिनमध्ये ओतू नका. क्रोमेट विषारी आहे, चांदी महाग आहे. 'चांदी-क्रोमेट कचरा' अशी चिठ्ठी लावून एक कॅन कोपऱ्यात ठेवा. नालीतून ते पाणी जाणार त्याच काळ्या मातीत, आणि तिथून पुन्हा कुणाच्या तरी विहिरीत.

जलसुरक्षक_मित्र:

ग्रामपंचायतीच्या प्रश्नावर. "पिण्यायोग्य" हा शब्द लिहू नका, "अयोग्य" मात्र ठामपणे लिहिता येतो. कारण साधं आहे. एक मर्यादा ओलांडली तरी पाणी नापास. पास करायला मात्र सगळ्या चाचण्या लागतात, आणि त्या तुमच्या लॅबमध्ये होत नाहीत. तुम्ही लिहा: "खालील घटक तपासले, आयएस १०५००:२०१२ (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे तुलना अशी."

मर्यादा (पहिला आकडा स्वीकारार्ह, दुसरा आकडा पर्यायी स्रोत नसेल तरच चालणारा): विरघळलेले एकूण क्षार ५०० / २०००, काठिण्य २०० / ६००, अल्कधर्मीयता (आम्ल शोषून घेण्याची क्षमता) २०० / ६००, क्लोराइड २५० / १०००, सल्फेट २०० / ४००, फ्लोराइड १.० / १.५ मिग्रॅ/लिटर. नायट्रेट ४५, त्याला दुसरी सवलत नाही. पीएच ६.५ ते ८.५, त्यालाही नाही. आणि १०० मिली पाण्यात ई. कोलाय एकही नको.

नायट्रेटमध्ये मोठा घोळ होतो. काही पद्धती निकाल 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून देतात. तो ४.४३ ने गुणल्याशिवाय ४५ शी तुलना करू नका. मीटरवर १५ दिसलं की पोरं म्हणतात "मर्यादेत आहे", आणि खरं ते ६६ असतं. लहान बाळांना त्याचा धोका जास्त. गावकऱ्यांना हेही सांगा की उकळून नायट्रेट, फ्लोराइड, खारटपणा काहीच जात नाही. पाणी आटतं, ते उलट वाढतं. उकळणं जंतूंसाठी.

आता जंतू. तुमच्या 'क' विहिरीसाठी केमिस्ट्रीतली कुठलीही ब्युरेट याचं उत्तर देणार नाही. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर ३०० दाखवणारं, चवीला गोड पाणीसुद्धा हगवण लावू शकतं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये करण्यासारखी सोपी चाचणी म्हणजे एच२एस बाटली. निर्जंतुक बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरा, ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवा, काळं झालं तर विष्ठेचं दूषण धरून चाला. भरल्या भरल्या काळं झालं तर तो पाण्यातल्याच वासाच्या वायूचा परिणाम, तो धरू नका. 'ब' म्हणजे नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं असेल, तिथे आधी नळावरच क्लोरीन पहा. शेवटच्या घरच्या नळाला ०.२ मिग्रॅ/लिटर तरी उरायला हवं. लॅबला आणेपर्यंत ते उडून जातं. क्लोरीन मोजायला ओटीपेक्षा (ऑर्थोटोलिडीन) डीपीडी गोळी वापरा. ओटीचं रसायन हाताला लागू देण्यासारखं नाही.

फ्लोराइड_झरी:

थोडक्यात एक भर. यवतमाळ, चंद्रपूरकडचे विद्यार्थी हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी. तिथे पाणी खारट लागत नाही, म्हणून कोणी शंका घेत नाही. काठिण्य कमी आणि अल्कधर्मीयता जास्त असा जोड दिसला की फ्लोराइड तपासाच. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडला वर चढायला जागा मिळत नाही. कॅल्शियम कमी पडलं की ते मोकळं होतं.

स्पॅडन्स (रंगावरून फ्लोराइड मोजायच्या) पद्धतीला स्पेक्ट्रोफोटोमीटर नसला तरी ५७० नॅनोमीटरच्या जवळचा फिल्टर असलेला कलरीमीटर चालतो. स्टँडर्ड: ०.२२१ ग्रॅम सोडियम फ्लोराइड लिटरमध्ये, म्हणजे १०० मिग्रॅ/लिटर फ्लोराइड. त्यातून ० ते १.४ पर्यंतचे स्टँडर्ड बनवा. ५० मिलीला १० मिली अभिकर्मक, आणि तो पिपेटनेच, मेजरिंग सिलिंडरने नाही. इथे फ्लोराइड वाढलं की रंग फिका होतो, आलेख उतरता येतो. पहिल्यांदा करणारे त्यालाच चूक समजून परत द्रावणं बनवतात. स्टँडर्ड आणि नमुने एकाच तापमानाचे ठेवा; फ्रिजमधून काढलेला नमुना लगेच वाचला की आकडा सरकतो. क्लोरीन असलेलं नळाचं पाणी रंग उडवतं, आणि फ्लोराइड नसताना आहे असं दाखवतं.

पूर्णाकाठची_लॅब:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळं नव्याने केलं.

जुन्या बफरचा पीएच ९.१ निघाला. आरओच्या कॅनचा ब्लँक ०.६ मिली, आपल्या डिस्टिल्ड वॉटरचा शून्य. १० मिली स्टँडर्डला ईडीटीए १०.४ मिली लागलं, फॅक्टर ०.९६२. 'अ' नमुना २० मिली घेऊन चार बॅचची रीडिंग: ११.६, ११.६, ११.७, ११.६. काठिण्य ५५८. रंग लाल ते निळा, स्वच्छ, आणि परत फिरला नाही.

क्लोराइड: १० मिली नमुन्याला १७.६, ब्लँक ०.२, सिल्व्हर नायट्रेट ०.०१९७ एन. म्हणजे १२१५ मिग्रॅ/लिटर.

अल्कधर्मीयता ४४०, विद्युतवाहकता ४६५० मायक्रोसीमेन्स. आता मुलं विचारतात, काठिण्य ६०० च्या आत आहे, मग हे पाणी "जड" की नाही?

मोजमाप_वऱ्हाड:

आता आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडूनच फळ्यावर काढून घ्या. सगळं मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभाराच्या हिशोबाचं एकक) आणा: क्लोराइड १२१५ ÷ ३५.४५ = ३४.३; अल्कधर्मीयता ४४० ÷ ५० = ८.८; काठिण्य ५५८ ÷ ५० = ११.२. ऋण भार झाले ४३.१. धन भारांत कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून फक्त ११.२. बाकीचे जवळजवळ ३२ कुठून आले? सोडियम, दुसरं कोण असणार. म्हणजे हे पाणी जडही आहे, पण त्याचा मुख्य रोग जडपणा नाही, मीठ आहे. जड पाणी आणि खारं पाणी गावात एकाच शब्दात मोडतात: "पाणी खराब". डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही तो जडपणा. जिभेला लागतो तो खारटपणा. जडपणा कमी करायचं यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, या हापशीला बसवलं तर ते कॅल्शियम काढून आणखी सोडियमच सोडेल. ग्रामपंचायतीला हे एक वाक्य नक्की लिहून द्या, नाहीतर कोणीतरी येऊन तेच विकून जाईल.

ताळा: विद्युतवाहकतेला १०० ने भागलं की ऋण भारांची ढोबळ बेरीज मिळते, इथे ४६.५. तुमचे ४३.१. इतक्या खाऱ्या पाण्यात हा ताळा सैल पडतो, तरी मोठी चूक असती तर इथे उघडी पडली असती. उरलेल्या फरकात सल्फेट आणि नायट्रेट आहेत, पण वजाबाकीने नायट्रेट काढू नका, ते मोजावंच लागेल.

पूर्णाकाठची_लॅब:

नायट्रेटसाठी यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर नाही. काय करता येईल?

जलसुरक्षक_मित्र:

ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनची तपासणी पेटी असेल तर तिच्यातल्या नायट्रेट चाचणीने आधी अंदाज घ्या, फक्त अभिकर्मकाची मुदत पाहून. नंतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत रीतसर नमुना पाठवा. हापशी ५ मिनिटं मारून पाइपातलं साचलेलं पाणी काढून टाका, १ लिटरची बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरा, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्य तो त्याच दिवशी पोचवा. उशीर झाला की जंतू नायट्रेट खातात किंवा नवं बनवतात. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली वेगळी, ती ६ तासांत पोचली तर उत्तम, २४ तासांच्या पुढे नकोच.

बाटलीवर चिठ्ठी, कागदावर नाही तर कापडी पट्टीवर, पेन्सिलने: गाव, स्रोत (हापशी/विहीर/नळ), खोली, तारीख, वेळ, कोणी घेतला, आणि बर्फात होता की नाही. शाई बर्फाच्या पाण्यात पुसते.

चांदी_जपा:

आणि सोबत तुमचे १२१५ आणि ५५८ हे आकडे बंद पाकिटात पाठवा, त्यांचा निकाल आल्यावर मुलांसमोर उघडा. ५ टक्क्यांच्या आत जुळलं तर पुढच्या वर्षी तीच बॅच बाकीच्या गावांच्या हापशा मोजायला तयार आहे.

जलसुरक्षक_मित्र:

तोवर 'अ' हापशीवर पाटी लावायला ग्रामपंचायतीला सांगा: "क्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त. पिण्यासाठी वापरू नये. धुण्याभांड्यासाठी चालेल." आणि पिण्याचं पाणी कुठून घ्यायचं तेही त्याच पाटीवर. 'ब'चं क्लोरीन नळावर मोजून झालं की मगच तिथे नळयोजनेचं नाव लिहा.